कुंकू की चाळणी

वासू, तू गेल्यापासून परवापर्यंत मी तुझ्या नळीला रोज सकाळ-संध्याकाळ नायट्रोजन पाजत होते. परवा थांबवलं. का थांबवलं ते सांगायलाच बसले आहे, पण मध्ये मध्ये भांडेन. तुझ्याशी भांडल्याशिवाय मला कधी काही सांगता आलेलं नाही, मग आता एकदम शहाण्यासारखं कसं जमणार?

शोकसभेत प्राचार्य तुला 'मितभाषी' म्हणाले. मी मागच्या रांगेत होते. हसू आवरेना म्हणून पदर तोंडाशी धरला, तर शेजारच्या बाईंना वाटलं मी रडते आहे. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि मग मी खरंच रडले. मितभाषी म्हणे! भौतिकशास्त्राच्या खोलीतून तुझा आवाज आमच्या रसायनाच्या प्रयोगशाळेत यायचा आणि ब्युरेट धरलेली मुलं दचकायची. मोऱ्याच्या बंदरावर वाढलेली तू. होडीवरच्या माणसाला किनाऱ्यावरून हाक मारायची सवय, ती पनवेलच्या कॉलेजात नोकरी लागली म्हणून जाते थोडीच.

भेटायला आलेल्या प्रत्येकाला एकच कोडं होतं, की तू त्या मागच्या खोलीत इतकी वर्षं करत काय होतीस. 'चुंबकत्व अडवणारी नळी,' असं मी सांगितलं की लोक मान डोलवायचे आणि चहाचा कप उचलायचे. समजावून सांगायची कला तुझी. मी रसायनवाली, मी भट्टी आणि पावडरी बघणार. तरी तुझ्याकडून ऐकून ऐकून डोक्यात जे बसलंय ते तुलाच ऐकवते. चुकलं तर नेहमीसारखी मध्ये बोल.

पृथ्वी चुंबक आहे हे शाळकरी मुलालाही माहीत असतं. त्या चुंबकाचं क्षेत्र कुठे नाही? ते भिंतीतून जातं, पाण्यातून जातं, आपल्या हाडांतून जातं, आणि त्याला दार लावता येत नाही. त्यात आपलं कॉलेज पडलं उरणच्या रस्त्याला. द्रोणागिरीच्या गोदामांकडे निघालेला प्रत्येक कंटेनर म्हणजे चाकांवर निघालेलं लोखंडी घर. तो गेटसमोरून गेला की तुझ्या मापकावरचा आकडा दचकायचा. स्टेशनात विजेची गाडी शिरली तरी दचकायचा. एकदा शिपायानं खोलीबाहेर स्टीलचं कपाट सरकवलं तर तू आतून ओरडलीस, 'कोण हललं रे?' मुंबईत विजेच्या ट्राम यायच्या होत्या तेव्हा चुंबकीय नोंदी घेणारी वेधशाळा पाण्यापलीकडे अलिबागला न्यावी लागली होती, हे तू दरवर्षी पहिल्या तासाला सांगायचीस. आणि वर म्हणायचीस, 'ते उठून अलिबागला गेले. मी इथेच बसून शांतता करणार.'

तुला हवी होती चहाच्या ग्लासात मावेल एवढी जागा, जिथे यातलं काहीही पोचत नाही. कशाला, असं विचारलं की तुझ्याकडे दोन उत्तरं असायची. अनुदान मागायला गेलीस की सांगायचीस, माणसाच्या हृदयाचं आणि मेंदूचं स्वतःचं चुंबकत्व इतकं क्षीण असतं की ते ऐकायचं तर आधी बाकी सगळ्यांना गप्प करावं लागतं. ते खरंच होतं. पण एकदा डबा खाताना मला म्हणालीस, 'सुले, काहीच नसतं तेव्हा कसं दिसतं ते मला एकदा बघायचंय.' यावर मी काहीतरी टोमणा मारला असणार. टोमणा आठवत नाही, तुझं वाक्य मात्र जसंच्या तसं आठवतं.

तुझी आय पहिल्यांदा प्रयोगशाळेत आली तो दिवस आठवतो का? मोऱ्याचं घर भावाकडे सोपवून तू तिला खारघरच्या फ्लॅटवर आणलं होतंस. आठव्या मजल्यावर तिचा जीव रमेना, म्हणून एक दिवस बरोबर घेऊन आलीस. थर्मोकोलच्या पेटीत नळी द्रव नायट्रोजनमध्ये बुडालेली होती आणि पांढरी वाफ उतू जात होती. आयनं पदर सावरून आत डोकावलं.

'आत काय हाय गो?'

'काय नाय.'

'काय नाय?'

'आत काहीच नाय, आय. तेच तर केलंय.'

आयनं एकदा पेटीकडे, एकदा तुझ्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. 'काय नाय ठेवाया येवडा खटाटोप? आनि याचा पगार देतान?'

मी हसून हसून स्टुलावरून पडायची बाकी होते. तू नाही हसलीस. तू आयला खुर्चीवर बसवलंस, दार लावलंस, आणि तिला ते दाखवलंस जे आधी फक्त मला दाखवलं होतंस.

मला दाखवलंस तो दिवस तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. मुलांना तू तरंगणारं चुंबक दाखवायचीस, थंड काळ्या चकतीवर अधांतरी गरगरणारं, आणि मुलं टाळ्या पिटायची. तू म्हणायचीस ही नुसती जत्रा आहे, खरी गंमत नळीच्या आत आहे. माझा विश्वास नव्हता. मग तू दोन मापकं लावलीस, एक टेबलावर, दुसऱ्याची मोजणारी काडी नळीच्या पोटात. आणि आपण दोघी प्राध्यापिका स्टुलांवर बसून कंटेनरची वाट बघत राहिलो. एरवी त्यांची रांग लागलेली असते, त्या दिवशी मेला एक येईना. शेवटी आला. टेबलावरचा आकडा उसळला, खाली गेला, हळूहळू जागेवर आला. नळीतला आकडा हलला नाही. मग आणखी एक गेला. मग गाडी आली. टेबलावरचा आकडा वेड्यासारखा नाचत होता आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर, नळीच्या आत, काहीही घडत नव्हतं.

मध्ये होतं काय? माझ्या भट्टीत भाजलेली, वीतभर लांबीची, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या भिंतीची काळी नळी. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक धक्क्याला तिच्या अंगावर आपोआप प्रवाह उठत होता, नेमका लागेल तेवढा आणि नेमका उलटा. त्याला बॅटरी नाही, तार नाही, कुणी शिकवलेलं नाही. मी ती पावडर स्वतः घोटली होती, तिच्या धुळीनं माझी नखं काळी झाली होती, आणि तिला हे येतं याचा मला पत्ता नव्हता. 'हे आपण केलं?' मी विचारलं. 'आपण फक्त थंड केलं,' तू म्हणालीस. 'बाकी तिला येतच होतं.'

वासू, मी देवाला हात जोडत नाही हे तुला माहीत आहे. पण त्या दिवशी मला कुणाला तरी नमस्कार करावासा वाटला, आणि कुणाला करायचा ते कळेना म्हणून मी तुझ्यासाठी कँटीनमधून कटिंग घेऊन आले.

बरं, तू तिथे थांबलीस का? छे. अडवता येतं म्हणजे वळवता येतं, आणि वळवता येतं म्हणजे हवं तिथे दाटवता येतं, हे तुझं पुढचं वेड. तू माझ्याकडून उभी चीर दिलेली नरसाळी मागितलीस, एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद. निम्मी भट्टीतच तडकली. 'मला डोलीसारखं हवंय,' तू म्हणायचीस. मी पुण्याची, मासा फक्त दुसऱ्याच्या ताटात बघितलेली. मला कुठली डोल माहीत? तेव्हा तू फळ्यावर खाडी काढलीस, भरती काढलीस, आणि खुंटांना बांधलेलं ते लांब जाळं काढलंस, तोंडाशी ऐसपैस आणि शेपटीकडे निमुळतं. भरतीबरोबर जे येतं ते तोंडातून शिरतं आणि शेपटीत दाटतं. चुंबकाच्या रेषांनाही त्या थंड काळ्या भिंतीतून वाट नसते. अरुंद टोकाशी काडी धरली तेव्हा आकडा बाहेरच्यापेक्षा चांगलाच मोठा आला, आणि तू तिथूनच मोऱ्याला भावाला फोन लावलास. 'दादा, माजी डोल भरली!' त्याला काय वाटलं असेल कोण जाणे.

आणि तळोज्याहून नायट्रोजनचा कॅन रिक्षातून आणताना सिग्नलला हवालदारानं अडवलं होतं, ते? 'मॅडम, धूर येतोय.' तू शांतपणे म्हणालीस, 'धूर नाही साहेब, थंडी आहे.' तो इतका गोंधळला की त्यानं आपल्याला सलाम केला. असलं काहीतरी आठवतं आणि मी बाजारात एकटीच हसते. भाजीवाली विचारते, काय झालं ताई?

आता मुख्य गोष्ट.

तुझा एक नियम होता आणि तो तू मला इतक्यांदा ऐकवला होतास की मी पोळ्या लाटतानाही पुटपुटायचे. थंड होताना आत जे असेल, तेच आत राहतं. नळी गरम असते तेव्हा साधं मडकं असते, पृथ्वीचं क्षेत्र तिच्यातून खुशाल येतं-जातं. उणे एकशे ऐंशीच्या खाली उतरली की ती दार लावते. पण दार लावताना आत कोण बसलंय ते ती बघत नाही. जे सापडलं ते कोंडलं. म्हणून आधी नळी त्या निकेल-लोखंडाच्या पत्र्याच्या, एकात एक बसणाऱ्या डब्यांत ठेवायची, जिथे क्षेत्र जवळजवळ नसतंच. तिथेच नायट्रोजन ओतायचा, आणि ती पुरती थंड झाली की डबे उचलायचे. बाहेरचं सगळं धावून येतं, नळीच्या अंगावर प्रवाह उठतात आणि त्याला बाहेरच थोपवतात. नायट्रोजन घालत राहा, ते प्रवाह फिरत राहतात.

सगळं असं काटेकोर करूनही आत एकोणीस उरत होतं. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस हजार नॅनोटेस्ला आणि आत फक्त एकोणीस. दुसरी कुणी असती तर तिनं पेढे वाटले असते. तुला तो एकोणीस दातात अडकलेल्या काट्यासारखा सलत होता. रिकाम्या डब्यांत नुसती काडी ठेवली की शून्य यायचं, नळी ठेवली की एकोणीस. म्हणजे चोर नळीपाशीच होता.

माझं म्हणणं, चोर म्हणजे तुझं कुंकू. मोऱ्याला तुमच्याकडे खंडेनवमीला होडीचं इंजिन, कोयता, जाळं विणायची सुई पुजतात, म्हणून तू प्रयोगशाळेत मापकं, पंप, नायट्रोजनचा कॅन आणि ती नळी पुजायचीस. झेंडूचं फूल, अक्षता, हळद, कुंकू. मी नाक मुरडायचे. 'अगं, विज्ञानाच्या खोलीत हे काय?' 'विज्ञानाच्या खोलीतली झाली तरी हत्यारंच ना ती? वर्षभर राबतात.' यंदा तर तू नळीच्या काठावर अनामिकेनं चांगला ठसठशीत टिळा लावलास. आणि बाजारातल्या कुंकवात काय काय असतं? कशाकशात लाल रंगासाठी लोखंडाचा गंजच असतो. मी म्हटलं, 'स्वतः गंज फासतेस आणि चुंबकत्व कुठून आलं म्हणून मला विचारतेस!'

तुझं म्हणणं, चोर म्हणजे माझी चाळणी. नळीच्या पावडरी घोटायच्या, भाजायच्या, पुन्हा घोटायच्या आणि चाळायच्या असतात. प्रयोगशाळेची नायलॉनची जाळी फाटली तेव्हा मी घरची पिठाची चाळणी आणली, सासूबाईंनी दिलेली, बारीक तारेची. तिनं मला जन्मात कधी दगा दिलेला नाही. तू तिच्याकडे पहिल्या दिवसापासून वाकड्या नजरेनं बघायचीस. 'तार लोखंडाची आहे, सुले. ती झिजते. लोखंड, तुझ्या पावडरीतलं बेरियम आणि भट्टी. काय होतं, सांग?' काय होतं ते मला सांगायची गरज नव्हती. स्पीकरमधलं काळं चुंबक त्याच सामानातून भाजतात. कणभर जरी तसं तयार झालं असेल तर ते नळीच्या भिंतीतच बसलेलं, आणि भिंत बाहेरच्याला अडवते, आतल्याला नाही. पण भौतिकाची बाई रसायनाच्या बाईला रसायन शिकवणार म्हणजे काय?

'कागदावर झटक ती चाळणी आणि खालून चुंबक फिरव. दोन मिनिटांचं काम आहे.'

'माझ्या चाळणीला काही बोलायचं नाही.'

'मग माझ्या कुंकवालाही नाही.'

स्टाफरूममध्ये आपण दोघी आठवडाभर वेगवेगळ्या टोकांना बसून डबे खाल्ले. साठीला आलेल्या दोन बायका! शेवटी तोडगा तूच काढलास. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी कुंकवासकट नळी थंड करायची आणि आकडा दिवसच्या दिवस स्थिर राहतो का ते बघायचं. मग गरम करून फक्त कुंकू पुसायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही, आणि परत थंड करायची. आकडा पडला तर पूजा बंद. तसाच राहिला तर चाळणी बाद आणि मी नवी नळी भाजायची.

दिवाळीच्या सुट्टीत कॉलेज रिकामं होतं. तू नळी थंड केलीस, डबे उचललेस, आणि फळ्यावर तुझ्या त्या तिरक्या अक्षरात लिहिलंस, 'कुंकवासकट: १९'. खाली लिहिलंस, 'कुंकवाशिवाय:' आणि पुढची जागा मोकळी सोडलीस. निघताना म्हणालीस, 'उद्या शंकरपाळे आण, चिवडा नको. तुझ्या चिवड्यात मीठच नसतं.' मी म्हटलं, 'नसू दे.' एवढंच आपलं शेवटचं बोलणं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आयचा फोन आला. मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तुला माझं काही ऐकू येत होतं की नाही, मला कुणी सांगू शकलं नाही.

त्याच रात्री मोऱ्याला तुला पोचवून परतले. लोक आधी घरी जाऊन अंघोळ करतात. मी आधी कॉलेजात गेले. पेटीतला नायट्रोजन बराच खाली गेला होता, नळीचा काठ उघडा पडायला आला होता. मी धावत कॅन उचलला आणि ओतला. मापकावर एकोणीस होतं. मग मी जमिनीवर बसले आणि मला कळलं की मी काय वाचवलंय. तू डबे उचललेस त्या क्षणी त्या नळीच्या अंगावर जो प्रवाह उठला तो अजून फिरत होता. तुझ्या हातांनी सुरू झालेला. तू नव्हतीस, आणि तो होता. कंटेनर जात होते आणि तो त्यांना अडवत होता, जसा तू असताना अडवत होता.

मग मी रोज जायला लागले. घरच्यांना वाटलं, तुझ्या खोलीतली आवराआवर चालली आहे. मी काहीही आवरत नव्हते. नायट्रोजन ओतायचा, स्टूल ओढायचं, एकोणीसकडे बघत बसायचं. तुझा टिळा पेटीत दिसायचा, हिम साचलेल्या काठावर लाल, आणि जवळून बघितलं तर त्यात तुझ्या बोटाच्या रेषा दिसायच्या. तू सांगितलं होतंस की तो प्रवाह अगदीच अक्षय नाही. पहिल्या दहा मिनिटांत जेवढा ओसरतो, तेवढाच ओसरायला पुढे शंभर मिनिटं लागतात, मग तेवढ्यालाच हजार. दर वेळी जास्त वेळ घेतो आणि संपत मात्र नाही. तेव्हा मी म्हटलं होतं, बरं, लॉगरिदम आहे. आता माझ्यासाठी ते नुसतं गणित राहिलेलं नाही. तू गेलीस त्या दिवसापासून माझं दुःख तसंच चाललं आहे.

पण फळ्यावरची दुसरी ओळ मोकळी होती. रोज माझी नजर तिच्यावर जायची आणि मी ती फिरवायचे. ती भरायची तर नळी गरम करायला हवी होती. गरम केली की तुझा प्रवाह थांबणार, आणि कुंकवाबरोबर तुझ्या बोटाचा ठसाही जाणार. नाही केली तर तुझं काम असंच अर्ध्यावर, वाफेत. मी दोन्ही बाजूंनी स्वतःशी भांडले. तुझी बाजू मांडायला तू नव्हतीस, ती मला नीट मांडता येईना.

तेराव्यानंतर आय तुझा डबा आणि चष्मा न्यायला आली. पेटीतून वाफ येताना बघून दारातच थांबली. 'आजून चालूच हाय?' मी तिला सगळं सांगितलं, कुंकू, चाळणी, एकोणीस, सगळं. किती कळलं ते माहीत नाही, पण तिनं फळ्याकडे बोट केलं.

'म्हंजे काम आर्दा ऱ्हायला तिचा.'

'हो.'

'मंग कोनाची वाट बघतंस?'

'आय, कुंकू पुसावं लागेल.' त्या बाईनं स्वतःचं पुसलेलं होतं, आणि आता मी तिला लेकीचं पुसायचं विचारत होते.

आयनं पेटीत डोकावून टिळा बघितला. मग खुर्ची ओढून बसली. 'पूस गो. ती आसती त कवाच पुसला आसता. मी बसलंय हितं.'

म्हणून परवा मी नायट्रोजन घातला नाही. वाफ विरळ झाली, थांबली. नळीवरचं हिम वितळून थेंब थेंब झालं. आणि मग एका क्षणी, काही आवाज न होता, आतला आकडा एकोणीसवरून निघाला आणि हजारोंवर जाऊन पोचला. सगळी पृथ्वी आत आली. रस्त्यावरून कंटेनर गेला आणि नळीतला आकडा पहिल्यांदाच थरथरला. मी आयचा हात धरला होता की तिनं माझा, ते आता सांगता येत नाही.

नळी कोरडी झाली तेव्हा स्पिरिटमध्ये कापूस बुडवून मी टिळा पुसला. कापूस लाल झाला. काठ स्वच्छ झाला, पुन्हा नुसता काळा. मग तू शिकवलं होतंस तसंच सगळं. नळी डब्यांत. डबे एकात एक. नायट्रोजन हळूहळू, घाई न करता. उकळी बसेपर्यंत थांबायचं, मग आणखी थांबायचं. मी इतकी थांबले की आयनं मध्ये दोनदा विचारलं, 'जाला?'

मी डबे उचलले. काडी आत सोडली.

एकोणीस.

मला वाटलं मी चुकीचं वाचते आहे. काडी काढली, पुसली, परत सोडली. एकोणीस. बाहेरून कंटेनर गेला. टेबलावरचं मापक उसळलं, आतलं हललं नाही. एकोणीस. खोलीत तुझा आवाज नव्हता, हात नव्हता, कुंकू नव्हतं, तू सुरू केलेला प्रवाहही नव्हता. तुझं असं तिथे मी काहीच ठेवलं नव्हतं. आणि तरी तू जे म्हणाली होतीस तेच समोर आलं होतं. तू गेल्यावरही तू बरोबर होतीस. मी इतकी वर्षं विज्ञान शिकवते आहे, वासू, पण सत्य माणसाच्या मागे असं उभं राहतं हे मी त्या क्षणी पहिल्यांदा पाहिलं.

कुंकू सुटलं म्हणून चाळणी अडकली असं होत नाही, हे तू लगेच म्हणाली असतीस. म्हणून मी कपाटातून ती काढली, पांढऱ्या कागदावर झटकली आणि खालून चुंबक फिरवलं. बारीक, केसाच्या टोकाएवढे काळे कण कागदावर उभे राहिले आणि चुंबकाच्या मागे मागे चालायला लागले. खरंच दोन मिनिटांचं काम होतं.

मी खडू घेतला आणि तुझ्या ओळीपुढे, मोकळ्या जागेत, १९ लिहिलं.

'काय आला?' आयनं विचारलं.

'तुमच्या लेकीचं खरं झालं. माझं चुकलं.'

'मंग सांग तिला.'

'आय, ती आता कुठे ऐकणार?'

'आयकाचा का नाय ता ती बघंल,' आय म्हणाली. 'तू सांग.'

म्हणून सांगते आहे, वासू. हे मी तुला कधी म्हटलेलं नाही. तू बरोबर होतीस.